सांबारवडी आणि माझा आयएनआर

मागच्या जानेवारीत माझा आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा आकडा, १.७ आला. हवा त्यापेक्षा बराच खाली. कारण दहा सांबारवड्या. शनिवारी संध्याकाळी गरम पाच, रविवारी दुपारी शिळ्या पाच. शिळी जास्त चांगली लागते, हे नागपूरकरांना सांगायला नको.

बाहेरच्यांना मात्र आधी शब्दच सांगावा लागतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शेजारच्यांची सून साताऱ्याकडची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूने तिला ‘पावभर सांबार आण’ म्हणून पाठवलं, तर ती स्टीलचा डबा घेऊन चौकातल्या इडलीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. आणि सांबारवडी म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर वडीही नव्हे. ती उकडतात, आणि तिच्यात बेसनच फार. आमच्या वडीत बेसनाची पातळ पारी लाटायची, तिला आतून चिंचेच्या कोळाचा आणि मसाल्याचा हात लावायचा, आणि खसखस, सुकं खोबरं, लसूण-मिरची घातलेला सांबार पोटात ठासून भरायचा. मग पुडीसारखी घडी घालून तळायची, म्हणून तिला पुडाची वडीही म्हणतात. बरोबर कढी. हिवाळ्यात सांबाराचा भाव पडला की एकेका घरात किलो-किलोने सांबार निवडत बायका गच्चीवर उन्हात बसलेल्या दिसतात.

तर अशा घरातली मी, आणि माझ्या छातीत धातूची झडप.

अकरा वर्षांची असताना, उमरेडजवळच्या आमच्या गावी, घसा दुखून ताप आला होता. मागोमाग गुडघे, घोटे सुजले. वाताचा ताप आहे म्हणाले. महिनाभर शाळा बुडली, ताप उतरला, सगळे विसरले. पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं, तेव्हा कळलं की त्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब करून ठेवली होती. ती बदलली. त्याला आता अकरा वर्षं झाली. रात्री घर शांत झालं की माझ्या छातीतली टिकटिक शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येते. हे म्हणतात, घड्याळाच्या सेलचे पैसे वाचले.

धातूवर रक्ताला साकळायची खोड असते. म्हणून वॉरफरिनची गोळी, रोज संध्याकाळी, जन्मभर. आणि ती गोळी नेमकी किती काम करतेय हे पाहायला आयएनआरची रक्ततपासणी. धडधाकट माणसाचा आकडा एकच्या आसपास. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती, ती सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांग. वर चढला तर दात घासताना रक्त, नाकातून रक्त, आणि न दिसणारं रक्त त्याहून वाईट.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी एक चिठ्ठी हातात दिली होती. गोळ्यांच्या वेळा, पुन्हा दाखवायची तारीख, आणि खाली पेनाने लिहिलेली एक ओळ: ‘हिरव्या भाज्या बंद.’ काहून, किती, कोणत्या, काही नाही. विचारायची तेव्हा हिंमतही नव्हती आणि शक्तीही.

आता शाळामास्तरणीला ‘बंद’ म्हटलं की बंद. घरातून पालक गेला, मेथी गेली, चवळीची भाजी गेली, उन्हाळ्यातली चिवळ गेली, पावसाळ्यातला तरोटा आणि धोप्याच्या वड्या गेल्या. अंबाडी गेली, आणि तिच्याबरोबर भाकरीची अर्धी मजा. लग्नाच्या पंगतीत पातळभाजी वाढायला आली की मी पानावर हात आडवा धरायची. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. ‘हिरव्या’ या शब्दाचा मी शब्दशः अर्थ घेतला. भेंडी हिरवी, बंद. काकडी हिरवी, बंद. वाटाणा बंद. हिरवी मिरचीसुद्धा! फोडणीत लाल मिरची घालायची मी. दहा वर्षं आलू, वांगं, फुलकोबी, कोहळं, आणि पुन्हा आलू.

कुणी भेटायला आलं तर संत्री आणायचं. नागपूरच ते, दुसरं काय आणणार. आणि त्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘पण तुला चालतात का वं? व्हिटॅमिन असते ना त्यात?’ मीही मग एकच फोड खायची. पालेभाजीतलं जे व्हिटॅमिन के माझ्या गोळीच्या आड येतं, ते संत्र्यात जवळजवळ शून्य असतं, हे मला दहाव्या वर्षी कळलं. दहा मोसम संत्री वाटण्यात गेली.

एवढं तप करून आयएनआर तरी सरळ राहावा? २.१, मग ३.९, मग २.६, एकदा ४.४. दर वेळी गोळीचा डोस बदल, दर वेळी ‘काय खाल्लं?’ हा प्रश्न, आणि मी कोर्टात उभं राहिल्यासारखी, ‘काहीच नाही हो!’

मग ती जानेवारी. मोठ्या जाऊबाई महालात राहतात. नातवाचं बोरनहाण होतं. त्यांच्या हातची सांबारवडी म्हणजे आमच्या घराण्याची इस्टेट. त्यांनी पुढे डबा धरला. मी म्हटलं, ‘नको, गोळी आहे.’ त्या म्हणाल्या, ‘बाप्पा, सांबार काय भाजी आहे का? तो तर वरून भुरभुरवतात!’ हा युक्तिवाद मला त्या क्षणी इतका पटला की काय सांगू. पाच खाल्ल्या आणि पाच बांधून आणल्या. गुरुवारी तपासणी: १.७.

आधीचे डॉक्टर त्या वर्षी नागपूर सोडून गेले होते, त्यामुळे रिपोर्ट घेऊन मी नव्या डॉक्टरांसमोर बसले. तरुण बाई, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी वड्यांची कबुली दिली. तिने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘काकू, एरवी आठवड्यात पालेभाजी किती खाता?’ मी अभिमानाने म्हटलं, ‘अजिबात नाही.’ ती म्हणाली, ‘तिथंच गडबड आहे.’

मग तिने जे समजावलं ते मी घरी येऊन ह्यांना चहाच्या टपरीचं उदाहरण देऊन सांगितलं, तेच इथे सांगते. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातले चार, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे, यकृतात तयार होतात, आणि त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. तो हात फिरला नाही तर ते घटक रक्तात असून नसल्यासारखे, कॅल्शियम धरूच शकत नाहीत. आता टपरी डोळ्यापुढे आणा. ग्लास म्हणजे व्हिटॅमिन के. चहा दिला की ग्लास खरकटा होतो, पोऱ्या तो विसळतो, त्याच ग्लासात पुन्हा चहा. थोड्याच ग्लासांवर दिवस निघतो, कारण शरीर हे व्हिटॅमिन फार साठवत नाही, वापरलेलंच पुन्हा पुन्हा वापरतं. वॉरफरिन काय करतं? त्या विसळणाऱ्या पोऱ्याचा हात धरून ठेवतं. खरकटे ग्लास साचतात, गिऱ्हाईक उभं राहतं, धंदा मंदावतो. डॉक्टरला धंदा बंद नको असतो, ठरावीक मंद हवा असतो. आणि तुम्ही पानात पालेभाजी वाढून घेता तेव्हा मागच्या दाराने कोऱ्या ग्लासांचं खोकं उतरतं. पोऱ्याचा हात धरलेला असला तरी चहा सुरू.

ज्याच्या टपरीवर रोज एक खोकं उतरतं त्याला एखादं जास्त आलं तर विशेष फरक पडत नाही. डॉक्टर डोस त्या एका खोक्याच्या हिशेबानेच बसवतो. माझ्या टपरीवर दहा वर्षं खोकंच आलं नव्हतं. त्यामुळे कुणाकडे जेवताना वरणावर जरा जास्त सांबार पडला तरी आकडा डोलायचा. आणि दहा वड्या म्हणजे तर ट्रकच.

‘खा,’ डॉक्टर म्हणाली, ‘पण दर आठवड्याला तेवढंच खा. हळूहळू सुरू करू, पहिला महिनाभर दर आठवड्याला तपासू, त्याप्रमाणे गोळी मी ठरवीन.’ गोळीचं काय वर-खाली केलं ते इथे लिहीत नाही. तो ज्याचा त्याचा हिशेब असतो, आणि माझं वाचून कुणी स्वतःच्या मनाने मेथीची जुडी आणली तर मला रात्री झोप लागायची नाही.

घरी येऊन मी वजनकाटा काढला. दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला, एरवी माळ्यावर पडलेला. आणि वही केली. चौथीच्या मुलांना तक्ते करायला लावणारी बाई स्वतः तक्ता करायला बसली.

आकडे पाहून आधी हसू आलं, मग राग. सगळे शंभर ग्रॅममधल्या व्हिटॅमिन केचे, मायक्रोग्रॅममध्ये, अमेरिकन तक्त्यांतले. आपल्या मातीतल्या भाजीत थोडे इकडेतिकडे होतील, पण चढाओढ तीच. बाईमाणसाला दिवसाला साधारण ९० लागतं, पुरुषाला १२०. पालक ४८० च्या आसपास. माठ-राजगिऱ्याच्या कुळातली पानं त्याहूनही वर, हजाराच्या पुढे. सांबार ३१०. कांद्याची पात दोनशेच्या वर. इथपर्यंत ठीक. पण पत्ताकोबी ७६, भेंडी ३१, वाटाणा २५, फुलकोबी १६, काकडी सालासकट १६, हिरवी मिरची १४, टमाटर ८, वांगं साडेतीन, आलू २. म्हणजे मी दहा वर्षं जी मिरची टाळली, ती शंभर ग्रॅम खाल्ली असती तर आगीने मेले असते, व्हिटॅमिन केने नाही.

मेख अशी आहे की रंग हिरवा असून भागत नाही, पान लागतं. हे व्हिटॅमिन पानाच्या हरितद्रव्याच्या शेजारीच राहतं, उन्हातून अन्न करायच्या कामात त्याचाही हात असतो. म्हणून पत्ताकोबीच्या बाहेरच्या गर्द पानात जास्त आणि आतल्या पांढऱ्या गड्ड्यात कमी. भेंडी, काकडी हिरव्या दिसतात, पण ती फळं. चिठ्ठीवर ‘हिरव्या भाज्या’ऐवजी ‘पालेभाज्या’ लिहिलं असतं तर निदान भेंडी तरी वाचली असती. ‘बंद’ऐवजी ‘बेताने, रोज सारखी’ लिहिलं असतं तर सगळंच वाचलं असतं. तीन शब्दांची कंजुषी आणि माझी दहा वर्षं.

आता वड्यांचा हिशेब. जाऊबाईंना फोन केला. निवडून, धुऊन, वाळवून अर्धा किलो सांबारात त्यांच्या सोळा वड्या होतात. म्हणजे एका वडीत तीस ग्रॅमच्या वर सांबार, पंचाण्णवच्या आसपास मायक्रोग्रॅम. एक वडी म्हणजे माझा अख्ख्या दिवसाचा वाटा! पाच वड्यांत पाच दिवसांचा. ‘वरून भुरभुरवतात’ म्हणे. शिवाय व्हिटॅमिन के तेलात विरघळणारं. कच्चा पाला तसाच चावून खाल्ला तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं, तेला-तुपाबरोबर खाल्लं की कितीतरी जास्त. आणि वडी तर तळलेली. शिजवण्या-तळण्याने ते फारसं मरतही नाही.

तेलावरून पुढची गंमत. विदर्भात सोयाबीन पिकतं, आमच्या घरी वर्षानुवर्षं सोयाबीनचंच तेल. तक्त्यात पाहते तर सोयाबीन तेल १८४! शेंगदाणा तेलात एकही पूर्ण नाही, सूर्यफुलात पाच. आमच्याकडे माणशी रोज तीसेक ग्रॅम तेल जात असेल (असू द्या, मास्तरणीने खरं बोलावं), म्हणजे पन्नास-पंचावन्न मायक्रोग्रॅम मला न सांगता रोज पोटात जात होते. हिरवी मिरची टाळून बसलेल्या बाईच्या कढईतच खोकं उतरत होतं. आणि मधे एका दिवाळीला ह्यांच्या डोक्यात आरोग्याचं खूळ आलं, घाणीचं शेंगदाणा तेल आणलं पाच लिटर. तो ४.४ चा आकडा त्याच महिन्यातला. खोकल्यासाठी अँटिबायोटिकही चालू होतं तेव्हा, त्यानेही आकडा चढतो, त्यामुळे सगळा दोष घाणीवर टाकत नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात तेल बदलायचं असेल तर आधी डॉक्टरला फोन जातो. तेलाचा डबाही आता उन्हात, उजेडात ठेवत नाही. या व्हिटॅमिनला आचेपेक्षा उजेडाचं वावडं जास्त.

माझ्या भावाचा मुलगा गुरांचा डॉक्टर. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक कॉलेजात शिकला. त्याला मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं तर म्हणतो, ‘आत्या, तुझी गोळी आमच्या खात्यातून आली आहे, माहीत आहे का तुला?’

गोष्ट अशी. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई मरायला लागल्या. शिंगं कापली, बैल खच्ची केला, तर रक्त थांबेना. काही नुसत्याच आतल्या आत रक्त जाऊन मेल्या. स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने शोधून काढलं की बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हरचं वाळलं गवत त्याला कारण. आपल्या मेथीच्याच कुळातलं ते झुडूप. पाऊसपाण्याचे दिवस वाईट आलेले, भिजलेला चारा फेकायची शेतकऱ्यांची ऐपत नव्हती. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, तिने खाल्लेलं गवत, आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त, गोठत नसलेलं. तिथे कार्ल लिंक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातला दोषी पदार्थ वेगळा काढायला सहा वर्षं घेतली. त्याचीच पुढची भावंडं करता करता एक निघालं वॉरफरिन. त्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं उंदीर मारायला. माणसांना द्यायची परवानगी १९५४ ची, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिलं.

‘म्हणजे मी उंदराचं औषध खाऊन राहिली?’ मी विचारलं.

‘हाव. पण डोस माणसाचा आहे.’

हे शेजारून म्हणाले, ‘मग घरातले उंदीर काहून कमी होत नाहीत?’

व्हिटॅमिनची गोष्टही जनावरांचीच. कोपनहेगनमध्ये हेन्रिक दाम १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढून टाकलेलं खाद्य देत होते, प्रयोग कोलेस्टेरॉलचा होता. पिल्लांच्या कातडीखाली रक्त साचायला लागलं. खाद्यात काहीतरी कमी होतं, ते १९३५ पर्यंत नक्की झालं. तिकडे रक्त गोठण्याला ‘कोआग्युलेशन’ के अक्षराने लिहितात, म्हणून व्हिटॅमिन के. दाम आणि अमेरिकेचे डॉइझी यांना १९४३ चं नोबेल मिळालं त्याबद्दल. कोंबड्यांनी रोग दाखवला आणि गाईंनी औषध दिलं, आणि मी चौथीच्या वर्गात ‘प्राण्यांचे उपयोग’ शिकवताना दूध-अंडी-शेणाच्या पुढे कधी गेले नाही.

अंड्यांवरून आठवलं. पानातलं असतं ते के-१. के-२ जिवाणू तयार करतात, ते आपल्या आतड्यातही थोडं होतं, अंड्याच्या बलकात, कोंबडीच्या मटणात, चीजमध्ये थोडंथोडं असतं, आणि जपान्यांच्या नात्तो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये प्रचंड. तिकडे वॉरफरिनवाल्यांना नात्तो बंदच ठेवायला सांगतात. अयोध्यानगरात नात्तो मिळत नाही म्हणून मी निश्चिंत होते. पण ते दुसऱ्या दाराने आलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी लिहून दिली होती. औषधाच्या दुकानातला पोरगा माझ्या वॉरफरिनमुळे मला ओळखतो. त्याने पाकीट उलटं करून दाखवलं, बारीक अक्षरात ‘के२-७’. हाडांसाठी चांगलं म्हणून हल्ली कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत घालतात. एरवीच्या माणसाला काही नाही, पण हे के२-७ रक्तात दिवस दिवस टिकून राहतं, आणि मायक्रोग्रॅमांचा थोडासा डोसही माझ्यासारखीचा आकडा खाली ओढू शकतो. दुसरी गोळी घेतली, साधी. त्या पोराला सुट्ट्या पैशांवरून मी आजवर जे बोलले ते सगळं मागे घेतलं. आणि बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पावडर असलं काही पुढे करतात, त्यांना मी आता हात जोडते. तो पाला आटवून, वाळवून दिलेला, खोक्यावर खोकं.

या सगळ्यात मुलीचं बाळंतपण झालं. नातू जन्मला आणि तासाभरात त्याच्या मांडीत इंजेक्शन. मी विचारलं कशाचं, तर नर्स म्हणाली, ‘व्हिटॅमिन के.’ मी दचकलेच! वारेतून ते बाळाकडे फार कमी जातं, आईच्या दुधात जेमतेम असतं, आतड्यात अजून जिवाणू वसलेले नसतात. न दिलं तर काही बाळांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एक मिलिग्रॅम दिलं त्याला, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या जिवाला दहा सांबारवड्या एका सुईत! मी पाळण्याजवळ उभी राहून हिशेब करत होते आणि मुलगी म्हणत होती, ‘आई, बाळाकडे बघ ना आधी.’

आता माझी पद्धत सांगते, कारण विचारणारे खूप आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारच्या जेवणात पालेभाजीची एक लहान वाटी. वाटी ठरलेली, तिला खालून नेलपॉलिशचा ठिपका आहे. पालक असेल तर भरपूर चणाडाळ घालून पातळभाजी, म्हणजे वाटीत पाला कमी येतो. मेथी असेल तर वाटी सपाट. माठ, चवळी अर्धीच वाटी. रोजच्या वरणावर सांबार एक चमचा, बारीक चिरलेला, तो वारानुसार कमीजास्त नाही. तर्री पोहे घेतले तर त्यांच्यावरचाच सांबार तो चमचा धरायचा. भेंडी, काकडी, वाटाणा, फुलकोबी यांचा मी हिशेबच ठेवत नाही. संत्री मोसमात रोज दोन. सणाला, पंगतीला वेगळं खाल्लं तर वहीत लिहायचं, आणि आजारी पडून दोन दिवस जेवण गेलं तरी लिहायचं, कारण न खाणं हाही फरकच.

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवाली मावशी मला आता ओळखते. पहिल्यांदा पालक घेतला तेव्हा जुडी हातात धरून मी तिथेच उभी राहिले होते. देठाला गारवा, मातीचा वास. तिने विचारलं, ‘काय झालं बाई, खराब आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही वं, दहा वर्षांनी घेऊन राहिली.’ तिला काय समजलं देव जाणे, दोन मिरच्या वरून टाकल्या. हिरव्या.

गेल्या आठ महिन्यांत आकडे असे: २.८, २.६, ३.१, २.९, २.७, ३.३, ३.०, २.८. डोस एकदाच बदलला.

यंदा पुन्हा थंडी पडली, जाऊबाईंचा डबा आला. ह्यांच्यासाठी आठ वड्या आणि वेगळ्या पुडीत माझ्या दोन, वर चिठ्ठी चिकटवलेली: ‘एक शुक्रवारी, वाटीऐवजी. दुसरी पुढच्या शुक्रवारी. फ्रीजमध्ये ठेव.’ मी फोन करून म्हटलं, आठ दिवसांची शिळी वडी कुणी खाते का. तर म्हणाल्या, ‘शिळीच चांगली लागते म्हणत होती ना तू?’